थकलो की थकले

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत धाकटी बारा वर्षं काचा घासत होती. खोली कसली, खोकंच ते. एक चाक, एक स्टूल, पाण्याचं भांडं आणि दादाची हाक आत येण्यापुरती खिडकी. पुढे दादाने गिऱ्हाइकाशी गोड बोलत डोळ्यांचा नंबर काढायचा, मागे हिने काच चाकाला लावून फ्रेमच्या मापाची करायची. "माझी बहीण म्हणजे या दुकानाचा कणा," असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि अगदी मनापासून सांगायचा. तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. छळणाऱ्याशी भांडता तरी येतं. जीव लावणाऱ्याशी कसं भांडायचं?

गेल्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या चष्म्यांच्या मोठ्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं, शनिवारी दुपारी त्यांचा फोन येईल तेव्हा हो की नाही ते सांगायचं. तिला जायचं होतं. पण दादासमोर उभी राहिली की दातखीळ बसायची.

मग ती लिहायची. जेवणाच्या सुट्टीत, याच स्टूलवर, मोबाइलवर. गाणारा, ड्रमवाला, बेस गिटारवाला आणि कोपऱ्यातला कीबोर्डवाला असा चार जणांचा एक बँड होता, शाळकरी पोरींपासून आज्यांपर्यंत सगळ्यांना वेड लावलेला. चाहते त्यांच्यावर मनाने गोष्टी रचून एका साइटवर टाकत. बाकीच्या लेखिका गाणाऱ्याला ताप आणायच्या आणि स्वतः त्याच्या उशाशी जाऊन बसायच्या. धाकटीने बेस गिटारवाला उचलला. तो वाजवतोय हे तो थांबल्यावरच लोकांना कळतं, हे तिला फार पटलेलं. तिच्या गोष्टीत तोच बोलायचा: मला हा बँड सोडायचाय. पण तो बॅग भरायला लागला रे लागला की गाणारा आणि ड्रमवाला गळ्यात पडायचे, "तुझ्याशिवाय आमचं कसं व्हायचं?" झालं, बॅग परत कपाटात. अशी चौतीस प्रकरणं झाली होती आणि वाचक रडकुंडीला आले होते.

त्यातली एक वाचक घरातच होती. वहिनी त्या चौघांच्या पायी पार खुळी. लेखिका कोण हे तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे भाजी चिरताना ती धाकटीलाच प्रकरणं वाचून दाखवायची. धाकटी आपली "अय्या, मग?" करत बसायची. या सोंगाची तिला मजाही वाटायची, खोटं कशाला बोला.

शुक्रवारी घात झाला. घाईघाईत टाकलेल्या नव्या प्रकरणात बेसवाल्याला दुसऱ्या बँडचं बोलावणं येतं, तो तालमीच्या खोलीत जमिनीवर बसतो आणि म्हणतो, "मी थकले." तासाभरात वाचकांनी धुमाकूळ घातला. "अहो लेखिकाबाई, थकलो! थकलो!" "आमचा बेसवाला बाई कधी झाला?" धाकटीने धावतपळत 'ले'चा 'लो' केला. पण तोवर शेकडो जणांचं वाचून झालं होतं.

शनिवारी दुपारी वहिनी दोन कप चहा घेऊन मागच्या खोलीत आली आणि काचांच्या खोक्यावर बसली.

"काल बेसवाला 'थकले' म्हणाला," ती म्हणाली.

"चुकून पडलं असेल."

"परवा जिन्यात चपला काढताना तू म्हणालीस ना, 'मी थकले'? वाचताना मला तुझाच आवाज ऐकू आला बघ."

धाकटीने चाक थांबवलं नाही. थांबवलं असतं तर कबुलीच झाली असती. पण हातातली काच मापाबाहेर घासली जाऊन वाया गेली.

"त्याला दुसऱ्या बँडने बोलावलंय," वहिनी हळूच म्हणाली. "तेही खरं का गं?"

आता चाक थांबलं.

"जाईल तो?"

"तुला काय वाटतं?" धाकटीने विचारलं.

"जाऊ नये. तो गेला की त्याच्या जागी कुणाला उभं करतील? कोपऱ्यातल्या कीबोर्डवाल्याला. त्याने काय कुणाचं घोडं मारलंय?"

"आणि राहिला तर?"

"राहिला तर सवय होते." वहिनीने कपातली साय बोटाने बाजूला केली. "मला झाली. लग्नाआधी आम्हा चार मैत्रिणींचाही बँड होता. सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा वर्षं एका छपराखाली राहून हे तिला माहीत नव्हतं. आणि चौतीस प्रकरणांत कीबोर्डवाल्याच्या तोंडी तिने एक वाक्य घातलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. कारखान्यातल्या बाई होत्या, आणि त्यांचा आवाज खोक्यावरच्या वहिनीलाही ऐकू जात होता. "मग, सोमवारी येताय ना?"

आणि त्याच क्षणाला खिडकीतून दादा ओरडला, "अगं, शाळेतल्या पोरांचे साठ चष्मे आलेत! सोमवारी लवकर येशील ना?"

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने एक शब्द जरी दादाला सांगितला असता तरी सगळं तिथेच संपलं असतं. वहिनीने चहाचा घोट घेतला.

"येते," धाकटी म्हणाली.

"शाब्बास माझी वाघीण!" दादा पलीकडून म्हणाला. फोनवरच्या बाई "छान" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

होकार दोघांना पोचला होता. त्यातला खोटा कुठला, हे दोघींनाच कळलं होतं. वहिनी उठून खिडकीपाशी गेली. आता ही दादाला हाक मारणार, अशी धाकटीला धास्ती पडली. वहिनीने खिडकी लोटून घेतली आणि बाह्या वर सारल्या.

"ऊठ," ती म्हणाली. "आजचा आणि उद्याचा दिवस आहे. काच कशी धरायची ते दाखव मला."

धाकटी उठली, आणि वहिनी स्टूलवर बसली.