खाली ठेवलेला पेला

अय्यादमामा आयुष्यात कुणापुढे हात पसरायला गेले नव्हते, आणि चौसष्टाव्या वर्षी निघाले ते सख्ख्या भाच्यापुढे. शुक्रवारची दुपार कलली होती. हाइल शहराच्या उत्तरेला, नफूद वाळवंटाच्या लाल वाळूत त्यांची जुनी गाडी गुरगुरत चढत होती आणि बहिणीचं, हैलाचं, बोलणं काही केल्या कानांतून जात नव्हतं. हैलाच्या हृदयाची झडप बदलायची होती. रविवारी रियाधला निघायचं, सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर तयार, खोली तयार, फक्त हैला तयार नव्हती. "माझे दोन्ही मुलगे एका गाडीतून मला न्यायला येणार असतील तर निघते," तिनं सांगून टाकलं होतं. "नाहीतर मी इथेच बरी." आणि हैला एकदा बोलली की बोलली.

अडचण अशी, की सत्ताम आणि दुलैम हे तिचे दोघे मुलगे चौदा महिने एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. कशावरून? विहिरीवरून नाही, उंटावरून नाही, वाटणीवरूनही नाही. कॉफीवरून! थोरल्या सत्तामच्या बैठकीत, वीस पाहुण्यांच्या देखत, दुलैमनं एक घोट घेतला, पेला बाजूला सारला आणि म्हणाला, "भाऊ, ही कॉफी नव्हे, जळक्या पेंढ्याचा काढा आहे." ज्या घराची अब्रू तीन पिढ्या कॉफीवर उभी, त्या घरात हे बोलणं. सत्तामनं त्याला दार दाखवलं. दुलैम जो बाहेर पडला तो पुन्हा त्या दारी फिरकला नाही.

दर शुक्रवारी तो वाळवंटात तळ ठोकायचा. आजही टेकाडाच्या आडोशाला गाडी आडवी लावून, वाऱ्याच्या बाजूनं जाड कापड ताणून बसला होता. सोबत त्याचा मित्र बद्दाह. त्याच्या जिभेला कधी सुट्टी नसे.

"या मामा, या!" बद्दाह लांबूनच ओरडला. "इथं हातपंप बसवलाय. पाणी तेवढं काळं येतं!"

दुलैमनं उठून मामांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "मामा, तुम्ही? इकडे कुठे?"

"का? वाळवंट तुझ्या नावावर झालंय?"

"झालं असतं तर तुम्हाला आधीच उचलून आणलं असतं. दोन वर्षं मागे लागलोय, माझी कॉफी एकदा चाखून बघा. तर म्हणे, यंत्राची थुंकी मी पीत नाही. आज मात्र पाजल्याशिवाय सोडत नाही."

मामांना तेच हवं होतं. ते अंगावरची लोकरी अबा सावरून चटईवर बसले.

दुलैमनं पेटीतून कॉफी काढायचं ते हत्यार काढलं. वीतभर लांब, काळी नळकांडी, कडेला अंगठ्यानं दाबायचा दट्ट्या. ते त्यानं लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवलं होतं. थंड धातू उकळत्या पाण्याची ऊब चोरतो, म्हणाला. शेगडीवर पाणी ठेवलं, तेही शहरातून आणलेलं, कारण इथल्या विहिरीचं पाणी खारट. मग बिया काट्यावर तोलल्या. एक बी जास्त झाली तर ती काढली.

"सोनाराच्या घरात जन्मायचा हा," बद्दाह म्हणाला. "चुकून आपल्यात आला."

दुलैमनं चक्की गुडघ्यांत धरून दळायला घेतलं. मामा कान देऊन ऐकत होते. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः खलबत्त्यात कॉफी कुटलेली. कुटण्याच्या आवाजावरून माणूस कसा आहे ते सांगायचे. या चक्कीला एकच सूर होता, घाई नाही की दमणं नाही. पूड त्यानं हाताच्या ओंजळीआड छोट्या वाटीत घेतली, वाळूचा कण जाऊ नये म्हणून वाऱ्याकडे पाठ केली, बोटानं सारखी केली आणि एकदाच, सरळ दाबली. उकळतं पाणी आधी रिकाम्या यंत्रातून काढून ते तापवलं. त्याच पाण्यानं पेला तापवला. मग वाटी बसवली, ताजं पाणी भरलं आणि दट्ट्या दाबू लागला.

चार वेळा दाबून तो थांबला.

"अडकलं का?" मामांनी विचारलं.

"नाही. पूड भिजू दे. घाई केली तर पाणी वाट चुकवून निघून जातं."

मामांनी मान डोलवली. हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दुलैम पुन्हा दाबू लागला, एका लयीत, मनगटाची शीर फुगलेली. आणि खाली पेल्यात धार उतरली. बारीक, संथ, काकवीसारखी, आधी काळी, मग तपकिरी, मग सोनेरी. रंग फिका पडायला लागला त्या क्षणी त्यानं यंत्र बाजूला घेतलं. वर बदामी फेसाचा जाड थर. वास असा सुटला की बद्दाहसुद्धा गप्प झाला.

मामा मनातून हरले. उघड्या वाळवंटात, वीज नाही, भिंत नाही, आणि दोन हातांच्या जोरावर या पोरानं हे करून दाखवलं! दोन वर्षं आपण उगाच नाक मुरडत बसलो, याची त्यांना लाज वाटली. तोंडाला पाणी सुटलं होतं. दुलैमनं उजव्या हातानं पेला पुढे केला. मामांनी घेतला, नाकापर्यंत नेला, डोळे मिटले.

आणि चटईवर ठेवून दिला.

दुलैमचा चेहरा उतरला. खाली ठेवलेल्या पेल्याचा अर्थ त्याला पुरता ठाऊक होता. पाहुणा मागणं घेऊन आलाय, आणि ते मान्य होईपर्यंत या घरची कॉफी त्याच्या ओठाला लागणार नाही.

"मामा, आधी प्या. मग बोलू."

"आधी बोलू. तुझी आई परवा तुम्हा दोघांबरोबर जाईल, नाहीतर जाणार नाही. सत्तामकडे चल."

"मी एकटा नेतो तिला. खांद्यावर बसवून नेतो!"

"ती येत नाही म्हणते."

दुलैमची नजर पेल्यावर. फेसाला मधोमध भोक पडलं होतं. "मामा, ही मिनिटाभरात मरते हो! आणि ती रीत दल्ल्यातल्या, चोचीच्या किटलीतल्या कॉफीची. ही एस्प्रेसो आहे, इटलीची. हिला आपली रीत लागू नाही."

"असं? दोन वर्षं तूच गावभर सांगत फिरतोस ना, खरी कॉफी ती हीच म्हणून? मग आज ठरव. ही कॉफी आहे की नाही?"

बद्दाहनं तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरलं, हसू लपवायला.

"आहे!" दुलैम उसळला. "कॉफीच आहे!"

"मग रीतही आहे."

दुलैम उठला, शेगडी विझवली, पुन्हा पेटवली. फेस पार बसला होता. "दार त्यानं दाखवलं मला. त्याची कॉफी जळकी होती ही काय माझी चूक? तुम्हीही होता तिथे."

"होतो. वीस जणांनी प्यायली. एकाचं तरी तोंड वाकडं झालं?"

"भिडेपोटी गिळली असेल."

"नाही रे. त्यांची वेगळी होती." मामा थांबले. सत्तामनं त्यांना हे सांगायला बंदी केली होती. पण हैलाचा निळसर पडलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी बंदी मोडली. "त्या दिवशी सत्तामनं पहाटे उठून नव्या बिया भाजल्या. पहिला दल्ला तुझ्यासाठी म्हणून निखाऱ्यावर बाजूला ठेवला. कुणाला हात लावू दिला नाही. पाहुण्यांना दुसऱ्यातली दिली. तू म्हणालास दुपारी येतो, आलास दोन तास उशिरा. तेवढा वेळ ती निखाऱ्यावर होती."

दुलैम हातात यंत्र घेऊन तसाच उभा राहिला.

"हिला किती वेळ झाला?" मामांनी पेल्याकडे बोट केलं. "दहा मिनिटं? हात तुझा, बिया तुझ्या, आणि बघ काय दशा झाली."

मग दुलैम खाली बसला. "प्या, मामा," तो म्हणाला. "मागितलंत ते दिलं तुम्हाला." आणि लगेच हात पुढे केला, "पण ही नको. ही मेली. ताजी करतो."

मामांनी हात बाजूला सारला आणि तीच प्यायली. गार, कडू. आणि त्या कडूपणाच्या तळाशी अजूनही गोडी होती, खजुराच्या बीपाशी असते तशी. त्यांचे डोळे भरून आले. "दुलैम, हात आहे रे तुझ्याकडे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला आहे."

एरवी या वाक्यासाठी दुलैमनं गाव डोक्यावर घेतलं असतं. आज त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानं फोन काढून चटईवर ठेवला, नंबर लावला, स्पीकर चालू केला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"भाऊ," दुलैम म्हणाला. "त्या दिवशी मला उशीर झाला."

सत्तामचा जड आवाज आला, "आता कुठे आहेस?"

"नफूदात. मामा आहेत सोबत. यायला तास लागेल."

"बरं," सत्ताम म्हणाला. "मग मी दल्ला पाऊण तासानं चढवतो."