शेवटच्या भागाचा साक्षीदार

लंडनमधलं प्रसारण महामंडळ, लंडनची वर्तमानपत्रं आणि लंडनमध्ये बसून आपणच देश चालवतो असं समजणारा कुठल्याही पक्षाचा माणूस, यांचा लेस्ली अ‍ॅकरॉइडला मनापासून तिटकारा होता. हॅलिफॅक्सच्या बस डेपोतून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून हे काम त्याला पूर्णवेळ करता येत होतं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एका पबच्या वरच्या खोलीत विज्ञानकथा मालिकांच्या शौकिनांचं मंडळ जमे. अकरा सभासद, लेस्ली बोले, बाकीचे बिअर पीत. त्याचं म्हणणं असं, की पूर्वी यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या असत आणि गोष्ट पोलादाची. आता नेमकं उलटं झालंय. परग्रहावरच्या प्राण्याला तीन डोळे असले तरी तोंड उघडलं की तो लंडनच्या अग्रलेखासारखाच बोलतो. बातम्या देणारे उभ्याने येरझारा घालतात, जणू बातमी अंगावर आली तर पळता यावं. खाणकामगारांच्या संपात कॅमेरा कायम पोलिसांच्या पाठीमागे उभा असे, हे तर पहिल्या घोटाच्या आत सांगून होई. डाव्यांनी आपल्या यॉर्कशरला गृहीत धरलं, उजव्यांनी मोजलंच नाही, आणि मधले अजून ठरवतायत, हेही.

लोक हे सगळं ऐकून घेत, कारण लेस्लीकडे कॅसेट होती.

‘दूरची चौकी’ ही मालिका चौऱ्याहत्तर साली संपली आणि महामंडळाने पुढे तिच्या फिती पुसून त्यांवर घोड्यांच्या शर्यती घेतल्या. त्या काळी पोरं टीव्हीसमोर मायक्रोफोन ठेवून आवाज टिपत. तेवढा वेळ घरच्यांना खोकणंसुद्धा मना असे. शेवटच्या भागाचा आवाज देशभरात एकट्या लेस्लीने, चौदाव्या वर्षी, टिपला होता. चौकीच्या कप्तानाने शत्रूला दार उघडलं की नाही, यावर शौकीन पन्नास वर्षं भांडत होते. लेस्ली निकाल देई: नाही उघडलं. मग कप्तानाचं निरोपाचं भाषण तो तोंडपाठ म्हणून दाखवी, आणि मंडळातला क्लाइव्ह एन्टविसलसारखा नाठाळ माणूसही ग्लास खाली ठेवी. कॅसेट मात्र त्याने कुणाला ऐकवली नव्हती. फीत जुनी आहे, झिजेल म्हणे.

खरं म्हणजे ते भाषण त्याने स्वतः रचलं होतं. त्या रात्री निवडणुकीचा निकाल होता. लेस्लीचे वडील गिरणीतले, युनियनचे. दुसऱ्या वाहिनीवर मोजणीच्या बातम्या लवकर लागणार होत्या. भाग संपायला चार मिनिटं असताना ते उठले आणि त्यांनी बटण फिरवलं. कॅसेटवर त्यांचा आवाज स्पष्ट होता: पुरे झाले ते तुझे चांदोबा, लेस, इथं सरकार बदलतंय. मग खट्ट, आणि पुढे सगळी मतदारसंघांची नावं. दुसऱ्या दिवशी शाळेत, निकालापायी ज्यांच्या घरीही बटण फिरलं होतं त्या पोरांनी शेवट काय झाला विचारलं, तेव्हा लेस्लीने सांगून टाकला. तो इतका चांगला निघाला की मागे फिरायची सोयच राहिली नाही.

यंदा वसंतात महामंडळाच्या संग्रहालयातून आयोना प्रिचर्ड नावाची बाई आली. मंडळात बसली, स्वतःचा चहा स्वतः ओतून घेतला आणि कॅसेट मागितली. आवाज स्वच्छ करू, जुन्या छायाचित्रांवर बसवू, सगळ्या देशाला दाखवू. घरच्यांचे आवाज मध्ये आले असतील तर ते वेगळे काढून कुटुंबाला देऊ.

लेस्लीने आधी तिला संपातले कॅमेरे ऐकवले. मग अट घातली: फिती पुसल्याबद्दल महामंडळाने लेखी माफी मागावी, आणि तीत ‘जर’ नको, ‘कुणाला वाईट वाटलं असल्यास’ नको. या लोकांना तो पन्नास वर्षं ओळखत होता. जर-तर न लावता माफी मागणं त्यांच्या हाडात नव्हतं. त्याच भरवशावर तो घरी जाऊन निवांत झोपला.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. चार ओळींचं. आम्ही पुसलं, ते चूक होतं, तुम्ही जपलं, आम्ही माफी मागतो. लेस्लीने ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, चष्मा पुसून वाचलं. खोट धरायला कुठे कोपरा नव्हता.

मंडळाने त्याला डोक्यावर घेतलं. स्थानिक पेपरात फोटो आला, खाली टिपलेले घरच्यांचे आवाज कुटुंबाला मिळणार असंही छापलं होतं, आणि ते पाहून लीड्सहून थोरल्या बहिणीचा, डोरीनचा, फोन आला. त्या निवडणुकीच्या रात्री ती परिचारिकांच्या वसतिगृहात होती. वडील त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर गेले. घरात त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

“तुझं यान घाल देशाच्या घशात,” डोरीन म्हणाली. “मला बाबांचे शब्द दे. दोन असले तरी चालतील.”

बघतो, म्हणाला लेस्ली.

बाई गुरुवारी दुपारी येणार होती. सकाळी दहाला लेस्लीने कॅसेट यंत्रात घातली आणि वडिलांचा आवाज एकदा ऐकला. तेवढाच तुकडा ठेवता आला असता. पण त्याच्यामागून खट्ट येणार होतं, आणि खट्टनंतर भाषण नव्हतं. त्याने फीत मागे घेतली, ध्वनिमुद्रणाचं लाल बटण दाबलं आणि खुर्चीत बसून राहिला. यंत्राने जुन्या आवाजावर शांत स्वयंपाकघर टिपलं, पाऊण तास.

मग बाईला फोन केला. फीत कुजली होती, सुरू करताच गेली. तुम्ही लोक पन्नास वर्षं उशिरा आलात, हा दोष तुमचाच. बाई फार हळहळली. तिने पुन्हा माफी मागितली, तीही जर-तर न लावता.

डोरीनला त्याने तेच सांगितलं, वर महामंडळाला दोन शिव्या जास्त घातल्या: पुसायचं ठाऊक, जपायचं नाही, आणि असल्यांच्या हातात देश.

तिने सगळं ऐकून घेतलं. ती पस्तीस वर्षं वॉर्डात नोकरी केलेली बाई होती.

“बाबा काय म्हणत होते त्यात?” तिने विचारलं. “शब्द तर आठवत असतील तुला.”

लेस्लीने तोंड उघडलं. एक सुंदर वाक्य त्याच्या जिभेवर आपसूक तयार झालं होतं. बापाने मुलाशी बोलावं तसं, मायेचं, मोजकं. डोरीनला ते फार आवडणार होतं.

“म्हणाले, तुला डोरीनची आठवण येते का रे,” लेस्ली म्हणाला.

पलीकडे डोरीनने, नाक पुसत, ते वाक्य पुन्हा एकदा सांगायला सांगितलं. लिहून घ्यायचं होतं तिला.