मान हलली, ओळ कोरी राहिली

मित्रांनो, मी एक जुने लघुलेखन यंत्र आहे. तुमच्यापैकी फार थोड्यांनी माझ्यासारखे कोणी पाहिले असेल. मला तीन पाय आहेत, बावीस कळा आहेत आणि त्या कळांवर एकही अक्षर नाही. माझ्यापुढे बसणाऱ्याच्या बोटांनाच सगळे पाठ असावे लागते. तो तीन-चार कळा एकदम दाबतो आणि माणसाच्या तोंडचा एक आवाज कागदाच्या पट्टीवर उमटतो. पट्टी आपोआप घड्या पडत मागच्या तबकात जाऊन बसते. हे सगळे मी अजिबात आवाज न करता करते. बोलणाऱ्याला मी तिथे आहे याचा विसर पडावा, इतके मला गप्प घडवले आहे.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. पण माझे आयुष्य गेले ते वॉशिंग्टनमध्ये, लेम्युएल टॉलिव्हर या एकाच माणसाच्या बोटांखाली. सुरुवातीची वीस वर्षे आम्ही शहराच्या न्यायालयात काढली. कुंपणाची भांडणे लिहिली, मोटारींच्या धडका लिहिल्या, एका पोपटाच्या ताब्यावरून तीन दिवस चाललेला घटस्फोटही लिहिला. पोपट साक्षीला आला होता. तो जे बोलला तेही लेम्युएलने लिहिले, कारण त्याचा नियम एकच होता. बोलले गेले ते लिहायचे. बोलले गेले नाही ते लिहायचे नाही. प्रत्येक नोंदीच्या शेवटी तो सही करी: ही नोंद खरी आणि पुरी आहे. सही करण्यापूर्वी तो पेन एकदा रुमालाने पुसत असे.

पुढे त्याची कीर्ती पसरली आणि आम्हाला सिनेटच्या समित्यांकडून बोलावणी येऊ लागली. तोवर इतरांकडे संगणक जोडलेली नवी यंत्रे आली होती. लेम्युएलची मुलगी ऑड्रा शाळेत इतिहास शिकवायची आणि संध्याकाळी त्याला गाडीतून घरी न्यायची. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "बाबा, या खोक्याला पेन्शन कधी देणार?"

"माझ्या आधी नाही," तो म्हणायचा.

"आज काय झालं आत?"

"माणसं बोलली."

"कोण? काय बोलली?"

"तोंडाने बोलली. गाडी चालव."

मग ते मोठे प्रकरण आले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होऊन गेली होती आणि समितीपुढे प्रश्न होता तो असा, की एका उमेदवाराच्या प्रचारातल्या लोकांनी परक्या देशाशी आतून संधान बांधले होते का? कोणत्या गावातले मतदार डळमळीत आहेत आणि ते कशाने बिचकतात, याची आकडेवारी प्रचार कचेरीने गोळा केली होती. निवडणुकीच्या तोंडावर नेमक्या त्याच गावांत परदेशातून खोट्या बातम्यांचा पूर आला. मग ती आकडेवारी समुद्रापलीकडे दिली कोणी? संशय ग्रॅडी व्हीलॉक नावाच्या माणसावर होता. आकडेवारीचे काम तोच पाहायचा.

बंद दाराआड त्याची साक्ष सुरू झाली. प्रश्न विचारत होती समितीची वकील, टेस रोझनाक. हुशार बाई, पण घाई फार. चौथ्या तासाला तिने एक लांबलचक प्रश्न विचारला. त्याचा शेवट होता, "ती आकडेवारी तुम्ही स्वतः त्या परदेशी माणसाच्या हातात दिलीत का?"

मित्रांनो, लघुलेखकाची बोटे नेहमी कानाच्या दोन शब्द मागे चालतात. लेम्युएल प्रश्नाचे शेपूट लिहीत असतानाच ग्रॅडी व्हीलॉकची मान हळूच खाली गेली आणि वर आली. सगळ्या खोलीने ते पाहिले. टेस इतकी हरखली की तिने श्वासही न घेता पुढचा प्रश्न टाकला, "केव्हा दिलीत?" आणि तेवढ्यात साक्षीदाराचे वकील पेन्हॅलो उठून म्हणाले, "माझ्या अशिलाची तब्येत बरी नाही. आज इथेच थांबू."

माझ्या पट्टीवर प्रश्न होता, त्याच्याखाली कोरी जागा होती आणि मग पुढचा प्रश्न होता. हललेली मान माझ्यावर उमटत नाही.

असा प्रसंग आला की मध्ये बोलण्याचा एकच अधिकार लघुलेखकाला असतो. "साहेब, उत्तर तोंडाने द्या," एवढेच तो म्हणू शकतो. त्या दिवशी लेम्युएलचे तोंड उघडायला दोन सेकंद उशीर झाला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

नोंद टंकून झाल्यावर टेस त्याच्या टेबलाशी आली. ती जागा पाहून तिचा चेहराच उतरला.

"इथे 'हो' कुठे आहे, मिस्टर टॉलिव्हर?"

"बोलले नाहीत ते."

"अहो, मान हलवली ना! अठरा माणसांनी पाहिलं. तुम्ही नाही पाहिलं?"

"पाहिलं."

"मग लिहा की! उद्या तो माणूस सरळ नाही म्हणेल, आणि आपण काय दाखवायचं, ही कोरी ओळ? एवढ्या महिन्यांचं काम या दोन इंचांत बुडणार."

"मॅडम, चूक माझी आहे. मी थांबवायला हवं होतं. तसं लेखी देतो, खाली सही करतो. पण शब्द माझ्याकडे नाही. नसलेला कुठून आणू?"

"देशाचा प्रश्न आहे हा!"

"म्हणूनच."

टेस फार तापली. मठ्ठ म्हणाली, म्हातारा म्हणाली, उद्यापासून ध्वनिमुद्रण करणारे लोक बोलावते म्हणाली. लेम्युएलने ऐकून घेतले. मग पेन रुमालाने पुसले आणि कोऱ्या ओळीसकट नोंदीवर सही केली. पण गाडीत त्याने मला मागच्या सीटवर ठेवले नाही, मांडीवर घेतले. ऑड्राने त्या दिवशी थट्टा केली नाही.

दोन दिवसांनी पुन्हा साक्ष होती. नवी माणसे सापडेपर्यंत लेम्युएलच हवा होता, म्हणून आम्ही तिथे होतो. पेन्हॅलो मोठ्या ऐटीत आले. आल्याआल्या त्यांनी टंकलेली नोंद मागितली आणि माझी मूळ पट्टीही मागितली. त्यांना माझी जात ठाऊक होती. माझी पट्टी सलग असते. मागे जाऊन मध्येच एक अक्षर घुसवता येत नाही. कागद आणि पट्टी यांत तसूभर फरक सापडला असता, तर सगळी चौकशीच बनावट आहे असे त्यांनी बाहेर पत्रकारांना ओरडून सांगितले असते. ते एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात पट्टी घेऊन ती जागा शोधत होते. जागा सापडली. पट्टीवर कोरी. कागदावरही कोरी. त्यांनी कागद आणि पट्टी टेबलावर ठेवली आणि ते खाली बसले.

टेसने लेम्युएलकडे पाहिले आणि नजर खाली वळवली.

समितीच्या अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर टॉलिव्हर, तो प्रश्न वाचून दाखवता?"

लेम्युएलने माझ्या पट्टीच्या घड्या उलगडल्या. वाचताना तो आवाजात राग ठेवत नसे की लोभही. प्रश्न शेवटपर्यंत वाचून तो थांबला.

"उत्तराची नोंद नाही," तो म्हणाला. "पुढचा प्रश्न..."

"पुढचा नको," अध्यक्षबाई म्हणाल्या.

ग्रॅडी व्हीलॉक आपल्या वकिलाकडे वळला. "तुम्ही म्हणाला होतात, हे लोक माझ्या तोंडी शब्द घालतील."

"ग्रॅडी, गप्प बस."

"घातला नाही त्यांनी." मग तो माझ्याकडे बघून बोलला, जणू मीच विचारले होते. "हो. दिली. हॉटेलच्या खालच्या दालनात, छापून. अकरा पानं होती."

तो 'हो' माझ्यावर उमटला तेव्हा लेम्युएलची बोटे अगदी स्थिर होती. पुढे समितीच्या अहवालातल्या त्या ओळीवर पुष्कळ चर्चा झाली, पण ती ओळ खोटी आहे असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. संध्याकाळी टेस दोन पेले कॉफी घेऊन आली.

"परवा मी तुम्हाला काय काय बोलले..."

"नोंद नाही, मॅडम," लेम्युएल म्हणाला आणि त्याने कॉफी घेतली.

त्यानंतर माझे दिवस फिरले. ध्वनिमुद्रणाची यंत्रे आली ती आलीच. लेम्युएल निवृत्त झाला आणि मी हिवाळी बुटांच्या कपाटात गेले. शाईची फीत वाळली. एक कळ अडकू लागली. मला त्याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्याच्या शेवटच्या वसंतात त्याने मला मागवून घेतले, तेल दिले, नवी फीत घातली. ऑड्रा पलंगाशेजारी बसून शाळेतल्या गमती सांगायची आणि तो उगाच सवयीने ते सारे माझ्यावर लिहायचा. एके दुपारी त्याने स्वतः विचारले आणि तेही लिहिले, "माझ्यामागे तू नीट राहशील ना?"

ऑड्राने मान हलवली.

"तोंडाने सांग, बेटा. नोंद व्हायला हवी."

तिला बोलवेना. त्याने दोन सेकंद वाट पाहिली, मग हसून तिचा हात हातात घेतला. ती ओळ कोरी राहिली.

मित्रांनो, प्रत्येक लघुलेखकाच्या खुणा त्याच्या त्याच्या असतात; दुसऱ्याला त्या सहसा वाचता येत नाहीत. ऑड्राने वर्षभर लघुलेखनाची शिकवणी लावली. आता ती रविवारी माझी धूळ पुसते, कळांना तेल देते आणि वडिलांची पट्टी घडीघडीने वाचते. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू गप्प बसलेली असेल. तिला मोडीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. आणि कोणी मनापासून काही विचारले, तर नुसती मान हलवू नका.

गेल्या रविवारी ऑड्रा त्या कोऱ्या ओळीपाशी पोचली. तिने ती भरली नाही. ती टॉलिव्हरांची मुलगी आहे. तिने पट्टीची नवी घडी पुढे ओढली, माझ्यासमोर ताठ बसली आणि मोठ्याने म्हणाली, "हो, बाबा. राहीन." तिची बोटे तिच्या आवाजाच्या दोन शब्द मागे होती. पण एकही शब्द सुटला नाही. मी सगळे लिहून घेतले.