व्हिसा किती मेंढरांचा?

परदेशातला एखादा मंत्री खोकला, की मंगळवेढ्याकडच्या माळावर एक मेंढी विकली जाते, असं सांगितलं तर शहरातली शहाणी माणसं हसतात. हसू द्या. त्यांनी बिरप्पाच्या मेंढरांच्या वाडग्यावर एक सकाळ काढायला हवी होती.

त्या सकाळी बिरप्पा एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन काटा काढत होता. गोजाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तेवढ्यात मोबाईल वाजला. सोलापूरहून इंद्रजीतरावांचा फोन, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांचा. गावातली माणसं शपथेवर सांगतात, की हा फोन वाजला की कळपातल्या जाणत्या मेंढ्या उठून बाभळीमागं जाऊन उभ्या राहत आणि फोन संपेपर्यंत रवंथही करत नसत. शपथ घेणारी माणसं थोडी लबाड असतील, पण मेंढ्यांचं चुकत नव्हतं. गेलं वर्षभर त्या फोननंतर दर वेळी त्यांच्यातल्या काहीजणी सांगोल्याच्या बाजाराला गेल्या होत्या.

“पाव्हणं, बातमी बघितली का? इंग्लंडनं परत फी वाढवली,” इंद्रजीतराव म्हणाले. “व्हिसाची वाढली, आणि तिथं राहायला खात्यात जेवढे पैसे दाखवावे लागतात तेही वाढले. दवाखान्याचे तर आधीच भरून ठेवायचे.”

“दवाखान्याचं? पोरगा आजारी हाय का?”

“अहो, आजारी पडो न पडो, भरायचेच. तिथला कायदा आहे. मी काय करू?”

“आमी तरी काय करावं. सांगा आकडा.”

आकडा ऐकून बिरप्पानं मनातल्या मनात भागाकार केला आणि फोन ठेवून बायकोला म्हणाला, “चार.”

“नर का माद्या?”

“माद्या. नर मागच्या येळंलाच संपलं की.”

गोजाबाईनं भाकरी उलटवली. “त्या राणीला सांगा म्हणावं, एकदाच काय ते घ्या. असं चिमटं काढत बसू नका.”

“राणी न्हाय आता. राजा हाय.”

“मग बरोबर हाय. बाईमाणसानं असं केलं नसतं.”

इंद्रजीतराव सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरीशुभ्र सफारी, आणि समाजाच्या वधू-वर मेळाव्यात हुंड्याविरुद्ध भाषण करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. माईक हातात आला की पहिल्या रांगेतल्या बायका डोळ्याला पदर लावत. मध्यस्थ आदिनाथतात्या जेव्हा बिरप्पाच्या सोनालीचं स्थळ त्यांच्या ऋतुराजसाठी घेऊन गेला, तेव्हा ते स्वच्छ म्हणाले होते, “एक रुपया हुंडा नको. मुलगा शिकायला इंग्लंडला चाललाय, त्याच्या व्हिसाच्या खर्चाचा भार तेवढा तुम्ही उचला. शेवटी तुमच्याच मुलीचं भलं आहे.” बिरप्पा गहिवरला. हुंडा न घेणारा सोयरा मिळाला म्हणून त्यानं गावात पेढे वाटले. हुंड्याचा आकडा सुपारी फुटायच्या आत ठरतो आणि मग तो बदलत नाही, एवढी तरी त्या वाईट चालीत माणुसकी असते. या नव्या चालीत आकडा तिसऱ्याच देशात ठरत होता आणि दर दोन-चार महिन्यांनी वाढत होता.

आणि विकली जाणारी मेंढरं बिरप्पाची नव्हती.

त्याच्या घराण्यात चाल होती, की मुलीच्या बारशाला मामानं एक मादी कोकरू आणायचं. त्याची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं त्या मुलीची. सोनालीचा कळप असा चाळीसवर गेला होता. प्रत्येकीच्या पाठीवर निळा ठिपका. त्या ठिपक्याच्या जिवावर ती बारावी झाली, बीएस्सी झाली आणि सोलापुरात एका लॅबमध्ये रक्त तपासायला लागली. भवानी पेठेत एका खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहायची. पुढं पुण्याला एमएस्सी करायची, त्याला उरलेला कळप लागेल, असा तिचा हिशेब होता.

लग्न ठरलं तेव्हा बिरप्पानं तिला रीतसर विचारलं होतं. “तुजी मेंढरं हायत, सोने. तू न्हाय म्हणलीस तर मी शेपटीला हात लावणार न्हाय. पण पुण्यापरास लंडनलाच शीक की. दोघंबी जाल.”

सोनाली दोन दिवस विचार करून “चालेल” म्हणाली. दोघं लंडनला जाणार, हे बिरप्पानं इंद्रजीतरावांपुढंही बोलून दाखवलं. मग मेंढ्या जायला लागल्या.

सुपारी फोडायच्या आदल्या रविवारी खर्चाचा शेवटचा मेळ घालायला सगळे शुक्रवार पेठेत जमले. ऋतुराजच्या आईनं, श्रीदेवीबाईंनी, पोहे केले होते. मुलगा वाईट नव्हता. नुसता गप्प होता, आणि गप्प मुलाच्या नावावर त्याचा बाप काय वाटेल ते मागू शकतो. त्यानं लॅपटॉप उघडला आणि वाचायला सुरुवात केली. व्हिसा. दवाखाना. कॉलेजची पहिली फी. खात्यात पडून दिसायला हवी ती रक्कम. विमान. जाड कोट.

“कोट कशाला इकत घ्यायचा?” बिरप्पा म्हणाला. “घोंगडं देतो की. तितला राजाबी मागून नेईल.”

सगळे हसले. सोनाली हसली नाही.

“माझा व्हिसा कुठल्या ओळीत आहे?” तिनं विचारलं.

ऋतुराजनं लॅपटॉप बापाकडं सरकवला. इंद्रजीतरावांनी घसा साफ केला. “असं आहे बाळ, त्यांनी नियम बदललेत. असल्या कोर्सला गेलेल्या मुलाला बायको नेता येत नाही. तो एकटाच जाईल. शिकेल, नोकरी लागेल, मग बघू. तोवर तू इथं. तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांनाही सोबत होईल.”

“हा नियम कधी बदलला?”

ऋतुराजच पुटपुटला, “स्थळ यायच्या आधी.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“बाबा म्हणाले, वेळ आली की सांगू.”

बिरप्पाच्या हातात पोह्यांची बशी तशीच होती. “पाव्हणं,” तो म्हणाला, “दोघं जाणार म्हणून मी पोरीची मेंढरं इकली. तुमी ऐकत हुता, तवा काय बोलला न्हाय.”

“तुम्ही विचारलंच नाही की,” इंद्रजीतराव म्हणाले. “आणि लेक दिल्यावर तिची मेंढरं काय आणि नवऱ्याची फी काय, घर एकच. सुपारीला माणसं बोलावली आहेत. आता ताणू नका.”

आदिनाथतात्यानं बिरप्पाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “दोन वर्षं कशी जातील कळायचं बी न्हाय, आप्पा. पोरगी सासरीच ऱ्हाणार की. कुटं परक्याच्यात हाय?”

“दोन वर्षं गुडघे चेपायला मी चाळीस मेंढ्या द्यायच्या का, तात्या?” सोनाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या खोलीतला पंखासुद्धा हळू झाला म्हणतात. “काका, मला एकच सांगा. आमच्याकडून आजवर घेतलं, तो हुंडा होता का?”

“छे छे. मी हुंड्याच्या विरोधात आहे. सगळ्या सोलापूरला ठाऊक आहे.”

“बरं. हुंडा नव्हता, तर दान होतं का?”

“दान कसं? आम्ही काय मागून खाणारे आहोत?”

“मग उसने घेतले असतील. परत द्या. हे लग्न मला करायचं नाही.”

इंद्रजीतराव म्हणजे वीस वर्षं माईकवर बोललेला माणूस, पण या तिन्हींपैकी कुठल्या दारानं बाहेर पडावं ते त्यांना सुचेना. हुंडा म्हणावं तर पोलीस, दान म्हणावं तर अब्रू, उसने म्हणावं तर पैसे.

“सोने, आगं माणसं काय म्हणतील,” गोजाबाई रडकुंडीला आली. “मोडल्यालं लगीन लई दिस चिकटतं पोरीला.”

“चिकटू दे, आव्वा. सासरी नुसती वाट बघत बसण्यापेक्षा बरं.”

बिरप्पा उठला. त्यानं बशी खाली ठेवली, पटका सारखा केला आणि म्हणाला, “उसनंच हुतं, पाव्हणं. माज्या पोरीनं सांगितलं, मंजी तसंच हुतं.”

इथं गोष्ट संपली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण भरलेली फी परत येत नसते. इंद्रजीतरावांनी खात्यात दाखवायला ठेवलेले तेवढे पैसे दिले, तेही व्हिसा हातात आल्यावर, सहा खेपा घालायला लावून. बाकीचं “बघू” मध्ये अडकलं, ते अजून तिथंच आहे. ऋतुराज इंग्लंडला गेला. कळपात निळ्या ठिपक्याच्या अकरा मेंढ्या उरल्या. गोजाबाईनं लेकीशी बोलणं टाकलं. गावात ज्यांनी पेढे खाल्ले होते, तीच माणसं आता विचारायची, “पोरीतच काय खोट हुती का?” पुढच्या मेळाव्यात इंद्रजीतरावांचं भाषण झालं आणि टाळ्याही झाल्या. सोनाली त्या वर्षी पुण्याला जाऊ शकली नाही. पुढच्या वर्षी जाईल. मेंढ्या व्यायला वेळ लागतो.

दोन महिन्यांनी आदिनाथतात्या परत वाडग्यावर आला. त्याच्या चपलांना लाज नव्हती. बसायला कुणी सांगायच्या आत तो घोंगड्यावर बसला.

“आप्पा, झालं गेलं सोडा. नवीन स्थळ आणलंय. एक रुपया हुंडा न्हाय. पोरगा कॅनडाला शिकायला चाललाय, त्याचा नुसता...”

“पोरगी बी शिकायला चाललीय,” बिरप्पा म्हणाला. “पुण्याला. तिची फी त्यास्नी भरायला सांगा. शिकून आली की लगीन लावू.”

तात्या मोठ्यानं हसला. मग बिरप्पा हसत नाही हे पाहून थांबला. “पोरीची फी पोराकडच्यांनी? असं कुटं असतं व्हय?”

“आजपातूर नव्हतं.”

गोजाबाई चुलीपाशी होती. तिनं चहाचं आधण ठेवलं होतं. ते तिनं उतरवलं आणि निखाऱ्यावर पाणी मारलं. त्या दिवसापासून ती लेकीशी बोलायला लागली.

तात्या उठला, धोतर झटकलं आणि बांधापलीकडच्या घरी गेला. तिथं त्याला पाट मिळाला आणि दूध घातलेला चहा मिळाला. त्या घरातली मुलगी यंदा बारावीला आहे.