बाईसाहेबांचं चित्र

घोडी पुन्हा हलली आणि पडद्यावरचं चित्र चुरगळलेल्या रुमालासारखं झालं.

"मामा, धरा ना तिला नीट," मशीनवाली म्हणाली. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत लांब मोज्यात होता आणि मोज्यासकट घोडीच्या आत होता. गाल घोडीच्या पुठ्ठ्याला टेकलेला. अशा अवस्थेत माणूस जेवढं शांतपणे बोलू शकतं तेवढं ती बोलली होती.

"धरलीच आहे, ताई," घोडीला ज्यात उभं केलं होतं त्या लोखंडी खोड्याच्या पुढच्या टोकाशी उभा असलेला मोतद्दार म्हणाला. "बाईसाहेबांची आज मर्जी नाही."

बाईसाहेब म्हणजे घोडी. त्या पागेतली सगळ्यांत जुनी, आणि तिला लहानाची मोठी याच मामाने केलेली. घोडी बाईसाहेब आणि आपण नुसती ताई, हे मशीनवालीला पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

काम सांगायला सोपं होतं. हातातला सोनोग्राफीचा प्रोब आतून गर्भाशयावर संथपणे सरकवत न्यायचा. मशीन पावाच्या कापांसारखे एकामागून एक काप घेतं आणि ते जोडून अख्खं गर्भाशय पडद्यावर उभं करतं. मग ते हवं तसं फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येतं. अट एकच, तेवढ्या वेळात घोडीने हलायचं नाही. गुंगीचं इंजेक्शन द्यावं तर त्याने गर्भाशयाचा ताण बदलतो म्हणून डॉक्टर नको म्हणत. डॉक्टरांना सगळंच नको असायचं, फक्त चित्र हवं असायचं.

आणि आज ते हवंच होतं. घोडीला तीन वर्षं गर्भ राहत नव्हता आणि साध्या सोनोग्राफीत कारण धड कळत नव्हतं. मालक संध्याकाळी येणार होता. गर्भाशय चांगलं निघालं तर घोडी राहणार, बिघडलेलं निघालं तर विकून टाकणार. चित्रच मिळालं नाही म्हणून आणखी एक हंगाम बघू, असं तो आजवर दोनदा म्हणाला होता. तिसऱ्यांदा म्हणेल असं त्याच्याकडे बघून वाटत नव्हतं.

एप्रनच्या खिशात फोन थरथरला. नवरा असणार. निवृत्त झाल्यापासून तो दिवसातून चारदा फोन करून गाळणी कुठे आहे, बॅटरी कुठे आहे, असलं काहीबाही विचारायचा. अख्खा संसार ज्या घरात झाला त्या घरात हा माणूस पाहुण्यासारखा वस्तू शोधत होता. नणंद तिला घोड्यांची सुईण म्हणायची आणि त्यावर स्वतःच हसायची. पूर्वी ती माणसांच्या दवाखान्यात सोनोग्राफी करत असे. ते बंद पडलं म्हणून इथे आली. तिथे निदान श्वास रोखा म्हटलं की पेशंट रोखत तरी.

तिने पुन्हा सुरुवात केली. यावेळी पडद्याकडे न बघता तिने मान तिरकी करून पुढे पाहिलं, आणि प्रोब सरकायला लागला तसा मामाचा अंगठा घोडीच्या कानात गेलेला तिला दिसला. अंगठा हलला. घोडीने मान झटकली आणि पाय आपटला.

तिने हात बाहेर काढला, मोजा ओरबाडून बादलीत टाकला आणि पुढे गेली.

"तुम्हीच हलवताय तिला."

मामाने अंगठा घोडीच्या कानातून काढून घेतला.

"मागच्या दोन वेळीही?"

"मागच्या दोन वेळीही."

तिचं डोकंच फिरलं. त्या दोन वेळी डॉक्टरांनी तिला सगळ्यांदेखत ऐकवलं होतं की वय झालं की हात स्थिर राहत नाही. तिने डोळे तपासून घेतले होते, नवा चष्मा केला होता, रात्र रात्र जागून आपल्याच बोटांकडे बघत बसली होती. आणि हा माणूस इथे घोडीला गुदगुल्या करत होता.

"माझ्या कामाची माती केलीत तुम्ही. मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"चित्र साफच काढलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं," मामा म्हणाला. "तुमचं चित्र साफ आलं की गाडी येते, ताई. या वयाची घोडी गाडीत चढते तेव्हा ती कुठे जाते, ते मला माहीत आहे."

ती आणखीच चिडली. आत काय आहे हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे, असं ती म्हणाली. आत सगळं ठीक असेल तर हेच चित्र तिला वाचवेल. आणि आज काहीच मिळालं नाही तर मालक कंटाळून तसाही विकेल.

मामाने घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

"ठीक असेल म्हणता?"

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. आयुष्यभर प्रत्येक पेशंटला म्हटलेलं हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघालं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

मामाने दोन्ही हातांनी घोडीचं तोंड धरलं आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकलं. "घ्या," तो म्हणाला.

तिने नवा मोजा चढवून हात पुन्हा आत घातला. घोडी अशी उभी राहिली की शेपूटही हललं नाही. मशीनवालीने जन्मात इतकं साफ चित्र काढलं नव्हतं. पडद्यावर गर्भाशय उभं राहिलं, शिंगांसारखे दोन फाटे, मधली वाट, एकेक घडी. आणि दोन्ही शिंगांत, जिथे गर्भ रुजायचा तिथे, पाण्याचे फोड द्राक्षांच्या घडांसारखे दाटलेले. तिने चित्र फिरवून पाहिलं. कुठूनही पाहिलं तरी जागा उरलेली नव्हती.

डॉक्टर आले आणि हरखून गेले. हे परिषदेत दाखवायचं म्हणाले, आपल्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना बोलावून घेतलं. मग तिथूनच मालकाला फोन करून आता यायची गरज नाही, गाडीचं बघा, असं सांगितलं. मशीनवालीच्या स्थिर हाताचं त्यांनी कौतुक केलं. या कौतुकासाठी ती वर्षभर झुरली होती, आणि आता ते तिला नकोसं झालं.

मामा अजून घोडीपाशीच होता. त्याने फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. ती जवळ गेली तेव्हा आपण याला उगाच आशा लावली, एवढंच तिच्या मनात होतं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ते फोड," तो म्हणाला. "तिला दुखत होते का, ताई? इतकी वर्षं?"

डॉक्टर दहा पावलांवर होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"नाही, मामा. त्यांचं दुखत नाही. तिला कळलंही नसेल."

"नक्की?"

"नक्की. मी सांगते ना."

मामाने मान हलवली. तपासणीसाठी घोडीच्या शेपटीला बांधलेली पट्टी सोडायला तो मागे निघाला आणि जाताना घोडीची दोरी मशीनवालीच्या हातात देऊन गेला. डॉक्टर तिकडून मॅडम, मॅडम म्हणून हाका मारत होते. इतक्या वर्षांत तिने घोड्यांची मागची बाजू पाहिली होती आणि आतली. पुढे कधी उभी राहिली नव्हती. बाईसाहेबांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. घोडीने तिचा खांदा हुंगला, आणि तिने दोरी दोन्ही हातांनी धरली.