रुजू तारीख

"शेवंता, मोबाईलकडं बघ. आता डोळे मीट. उघड."

शेवंताने डोळे मिटले ते मिटूनच बसली. मोबाईलने तिसऱ्यांदा नकार दिला. कोंड्याच्या धुळीने भरलेला तिचा चेहरा त्याला ओळखू येईना. ती नळावर जाऊन तोंड धुऊन आली, पदराने पुसलं आणि लग्नाच्या फोटोला बसावं तशी खुर्चीत ताठ बसली. या वेळी हिरवी खूण आली.

"झालं का आप्पा?"

"झालं. बाहेर बस जरा."

मांडवगण फराट्याच्या अलीकडे आमची अंड्यांची पोल्ट्री आहे. चार शेड, बावीस हजार कोंबड्या आणि हजेरी-पगाराला मी, सोपानराव, एकटा कारकून. पोल्ट्रीवर जोडपं ठेवायची पद्धत आहे. माणसं दोन, पगार एक. सतरा वर्षांपूर्वी भैरू आणि शेवंता असेच आले, कडेवर अंकिता. पीएफच्या कागदावर मी एकट्या भैरूचं नाव लावलं. बाई काय, नवऱ्याला हातभार लावते, ही पळवाट माझीच. थोरले मालक म्हणाले, "सोप्या, डोकं हाय गड्या तुला!" आणि मी आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडलो. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

हातभार म्हणजे काय, तर पिल्लांना लस शेवंताच टोचायची. कुठल्या पक्ष्याला सर्दी झालीय, हे ती नुसत्या घरघरीवरून सांगायची. शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचा ट्रे असतो. बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून त्यात पाय बुडवूनच आत जायचं. तिने खुद्द थोरल्या मालकांनाही कोरड्या पायाने आत सोडलं नाही. भैरू बाहेरचं बघायचा. खाद्याच्या गोण्या, जनरेटरचं डिझेल आणि स्वतःची तंबाखू.

आता नवा नियम आला. कामावरच्या प्रत्येक माणसाची दर महिन्याला वेगळी नोंद पीएफच्या पोर्टलवर करायची. आधार, बँकेचं खातं, चेहरा, सगळं ज्याचं त्याचं. जोडी चालत नाही. शेवंताची बाकी माहिती भरून झाली, एकच रकाना उरला. रुजू तारीख.

मी खरी तारीख टाकली. मग धीर होईना, म्हणून सत्यजीतला फोन लावला. थोरल्या मालकांचा मुलगा, हल्ली कारभार तोच बघतो.

"काका, वेड लागलंय का तुम्हाला? मागचं सगळं भरायला लावतील, वर दंड. आजची टाका."

"तिची पन्नाशी झाली रे. अठ्ठावन्नला नोंद बंद हुणार. धा वर्सं भरली न्हाईत तर पेन्शन बसत न्हाई तिला."

"मग टाका खरी. चौकशीला आले की विचारतील, इतकी वर्षं कागद कुणी भरले. सही कुणाची आहे?"

सही माझी होती. मी तारीख खोडून आजची टाकली आणि बटण दाबलं. मालकाने भीती घातली असं म्हणायला मी मोकळा आहे. पण बटण दाबल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं, आणि लाज वाटते ती त्याचीच.

शेवंता दारात आली. तोंड धुतल्यामुळे की काय, खुशीत दिसत होती.

"आप्पा, कवापासनं लिवलं? अंकी म्हनली, धा वर्सं भरली की म्हातारपनी पेन्शन मिळतीया. माझी तर सतरा झाली."

"आजपासनं," मी कीबोर्डकडे बघत म्हणालो.

ती शिव्या घालील, रडेल, भैरूला बोलावील, या सगळ्यावर माझ्याकडे उत्तरं तयार होती. तिने नुसतं विचारलं.

"म्हंजी मी आज कामाला लागले?"

"कागदावर गं."

"व्हय. कागदावरच की." तिने पदर खोचला. "मग चला. शेड दावा."

"कसलं शेड?"

"नवं मानूस आलं की तुमी हिंडून दावता न्हवं? ह्यास्नी दावलं हुतं. मी लेकराला घिऊन चिंचंखाली हुबी हुते. मला कुनीच दावलं न्हाई."

थट्टा करते आहे का म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. मी उठलो. सगळी माणसं जेवायला गेली होती, एवढंच नशीब.

"ही पाण्याची टाकी," मी म्हणालो.

"व्हय."

"हितं लाईटचा मीटर."

"व्हय."

मी पुढे, ती दोन पावलं मागे, नवी माणसं चालतात तशी. पुढे काय दाखवायचं ते मला सुचेना. तिला माहीत नाही असं त्या आवारात काही नव्हतं. एक नंबरच्या शेडचं दार लोटून मी तसाच आत निघालो.

"आप्पा, पाय."

मी थांबलो. मागे फिरून एक पाय ट्रेमध्ये बुडवला. आत हजारो कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. मला वर बघवेना.

"दुसरा बी," शेवंता म्हणाली.