दुसऱ्या कागदावरची सही

सूर्यापासून इतक्या लांब, की तिथे ऊन म्हणजे नुसता नावाला उजेड, अशा जागी बर्फाचा एक ओबडधोबड गोळा फिरत होता. कार्यालयात त्याला सगळे बटाटा म्हणत. त्या बटाट्याचे जवळून फोटो काढायला निघालेलं यान अकरा वर्षं वाटेत होतं, आणि आता नऊ दिवस उरले होते. यानाची दिशा ठरवायचं गणित ताईकडे होतं.

कामाचा नियम एकच, पण कडक. प्रत्येक आकडा दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून काढायचा, एकमेकांना विचारायचं नाही, आणि दोन्ही कागद जुळले तरच सहीसाठी वरच्या मजल्यावर, प्रमुख मॅडमकडे न्यायचे. दुसरा कागद शंकासुराचा. कुलूप लावल्यावर तीनतीनदा ओढून बघणारा माणूस, त्याला हे नाव पडणारच. काल त्याच्या वडिलांना दवाखान्यात हलवलं होतं. बिचाऱ्याला आता कुठे बोलवायचं, म्हणून ताईने आपलाच आकडा त्याच्या कागदावर उतरवला आणि खाली त्याची सही ठोकून दिली. चांगुलपणा अंगाशी येतो तो असा.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी यानाला वळायचा आदेश सुटला. यानापर्यंत पोचायला त्याला सहा तास लागणार, आणि पोचल्यावर अर्ध्या तासाने इंजिन पेटणार.

सव्वादहाला शंकासुर आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"बाबा बरे आहेत आता," तो म्हणाला. "पण ताई, तो आकडा मी एकदा बघतो हं. नाहीतर मला चैन पडायची नाही."

दहा मिनिटांनी तो कागद घेऊन तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"अहो, काय झालं?"

"नवीन फोटोत बटाटा जरा सरकलेला निघाला ना? तो फरक वजा करायचा होता. तुम्ही मिळवलाय."

ताईने कागद हिसकावून घेतला. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. त्याचंच बरोबर होतं. यान बटाट्याच्या बाजूने जाणार नव्हतं. ते सरळ त्याच्यावर जाऊन आदळणार होतं.

थांबवायचा आदेश दहा चाळीसच्या आत सुटला, तरच तो इंजिन पेटायच्या आधी पोचणार होता. त्यावर मॅडमची सही लागायची, आणि मॅडम पहिला प्रश्न हाच विचारणार की दोघांची चूक एकच कशी?

"मी सांगतो, माझंही तेच चुकलं," शंकासुर हळूच म्हणाला. "रात्रभर जागा होतो, कोणी काही म्हणणार नाही."

क्षणभर ताईला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. ती उठली. धावतच जिना चढली. मॅडमसमोर उभं राहून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, त्या सहीसकट. मॅडमनी आधी थांबवायच्या आदेशावर सही केली. दहा सदतीसला आदेश सुटला.

आता उत्तर यायला बारा तास. त्यात कोणाच्या हातात काही नव्हतं. मॅडमनी कपाटातून जुन्या आकड्यांची जाडजूड फाइल काढली आणि शंकासुरालाही बोलावून घेतलं.

"असं आधी किती वेळा झालंय?"

"पहिल्यांदाच, मॅडम. शप्पथ," ताई म्हणाली.

"बघू." पानं उलटता उलटता मॅडम मार्चवर थांबल्या. बटाटा मुळात आहे कुठे, याचं पहिलं मोजमाप त्या पानावर होतं. पुढचे सगळे आकडे, आजचा दुरुस्त केलेलासुद्धा, त्याच्याच भरवशावर काढलेले. "ही तुझीच सही ना?"

सही हुबेहूब तिची होती. पण त्या तारखेला ती रजेवर होती, आईच्या उशाशी बसून. तिने वळून शंकासुराकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

"तुमची आई गेली त्या आठवड्यात, ताई..." एवढंच तो पुटपुटला.

हो म्हटलं असतं तर त्याची नोकरी वाचली असती.

"नाही," ती म्हणाली. "माझी नाही."

मॅडमनी त्या एकट्यानेच काढलेल्या मोजमापावर बोट ठेवलं.

"म्हणजे बटाटा कुठे आहे," त्या म्हणाल्या, "हे आपल्यातल्या कोणालाच माहीत नाही."